परदेशी दुकानदार, देशी भागीदार

मिठाचा अपवाद वगळला तर हिंदुस्थानच्या अर्वाचीन इतिहासात बाजारातून उठून थेट राजकारणाच्या व्यासपीठावर जाऊन बसण्याचा मान कापडाइतका अन्य कोणत्याही जिनसेला लाभलेला नाही. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात सावरकरांच्या पुढाकाराने आणि टिळकांच्या उपस्थितीत विलायती कपड्यांची होळी झाली; ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळच्या एल्फिन्स्टन गिरणीनजीक गांधीजींनी तशाच, परंतु कितीतरी विशाल ढिगाला अग्नी दिला; आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या रस्त्यावर विदेशी कापडाने भरलेल्या लॉरीसमोर आडवा झालेला बाबू गेनू हा आंबेगाव तालुक्यातून पोटासाठी मुंबईस आलेला गिरणी कामगार त्याच लॉरीखाली चिरडून मरण पावला. अशी पूर्वपीठिका असलेल्या देशात स्वीडनच्या एच अँड एम या कंपनीने आपले पहिले दुकान दिल्लीच्या साकेत भागात उघडले ते २ ऑक्टोबर २०१५ रोजी, म्हणजे नेमके गांधीजयंतीस, आणि त्या दिवशी दाराबाहेर तरुण गिऱ्हाइकांची भलीमोठी रांग लागली होती.

ही दोन चित्रे शेजारीशेजारी टांगून काळाच्या उलट्या गतीविषयी सुस्कारा सोडण्याचा मोह कोणासही व्हावा. परंतु प्रस्तुत लेखकाला तो सुस्कारा अनाठायी वाटतो, कारण लँकेशायरच्या कापडाविषयीची तक्रार आणि आजच्या परदेशी दुकानांविषयी करता येण्याजोगी तक्रार यांचे स्वरूपच भिन्न आहे. त्या काळी येथला कापूस बोटीत बसून विलायतेस जाई, तेथील यंत्रमागांवर विणला जाई, आणि परक्या सरकारच्या जकातनीतीच्या आश्रयाने कापड होऊन परत आला की येथल्या विणकराच्या हातचे काम काढून घेई. आजच्या व्यवहारात हात बहुतांशी येथलेच आहेत. तिरुप्पूरचे विणलेले बनियन आणि टी-शर्ट, बंगळुरूच्या व दिल्लीभोवतालच्या कारखान्यांतून शिवले जाणारे शर्ट आणि झगे हे या कंपन्यांची दुकाने भारतात येण्यापूर्वी कित्येक वर्षे त्यांच्याच नावाची पट्टी गळ्याशी लावून युरोपात व अमेरिकेत जात होते. आणि ज्या बहुराष्ट्रीय कराराने श्रीमंत देशांनी आपल्या आयातीवर देशवार कोटे बसवले होते तो १ जानेवारी २००५ रोजी कायमचा संपुष्टात आल्यावर त्या व्यापाराचा मार्ग अधिकच मोकळा झाला. तात्पर्य, हे परदेशी व्यापारी प्रथम आपल्याकडे खरेदीदार म्हणून आले आणि पुष्कळ उशिरा विक्रेते म्हणून. त्यांची विक्री येथे कोणत्या अटींवर सुरू झाली, कोणाच्या जागेत आणि कोणाच्या हाताला धरून सुरू झाली, हे पाहू लागले म्हणजे ज्याला आपण सर्रास आक्रमण म्हणतो त्या घटनेत परवाना देणारे दप्तर, जागेचा मालक आणि देशी भागीदार या तिघांचा हात किती मोठा आहे हे ध्यानात येते.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत मध्यमवर्गीय घरात नवे कपडे म्हणजे दिवाळीपूर्वी महिनाभर आधी ताग्यातून फाडून आणलेले आणि ओळखीच्या शिंप्याकडे टाकलेले कापड, असाच अर्थ होता. तयार कपडे मिळत नव्हते असे नव्हे. परंतु त्यांचे शिवणकाम सरकारने लघुउद्योगांसाठी राखून ठेवले होते, आणि ही राखीवता उठण्यास २००० सालचे राष्ट्रीय वस्त्रधोरण यावे लागले. दरम्यान इटलीच्या बेनेटनने दिल्लीच्या एका जुन्या उद्योगसमूहाशी भागीदारी करून आणि अमेरिकेच्या लीव्हायने बंगळुरूस बिऱ्हाड थाटून आपापला जम बसवला होता. परंतु पुढील कथेच्या दृष्टीने या दोघांपेक्षा एका अयशस्वी पाहुण्याची हकिकत अधिक बोधप्रद आहे. लिटलवुड्स नावाच्या इंग्रज कंपनीने बंगळुरूस कपड्यांचे दुकान काढले होते. ते तिला लाभले नाही. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे ही आपली सौंदर्यप्रसाधनांची सुप्रसिद्ध छाप हिंदुस्थान लिव्हरला विकून टाकली, आणि त्या व्यवहारातून हाती आलेल्या द्रव्यावर किरकोळ विक्रीचा नवा धंदा उभारताना लिटलवुड्सचा भारतातील कारभार विकत घेतला. ट्रेंट ही कंपनी आणि वेस्टसाइड ही दुकानांची मालिका यांचा उगम तो. या उलाढालीमागे ज्यांची दृष्टी होती त्या सिमोन टाटा स्वतः जिनिव्हाच्या, विवाहाने मुंबईकर झालेल्या होत्या. परदेशी आणि देशी यांच्यामधील रेषा आपण समजतो तितकी ठळक नसते, याचे हे उदाहरण वाटेत सापडले म्हणून नोंदवून ठेवतो.

आता परवान्यांकडे वळू. किरकोळ व्यापारात परकीय भांडवलाला मज्जाव करणाऱ्या सरकारने २००६ च्या आरंभी एक अरुंद दिंडी उघडली: ज्या दुकानात एकाच छापाचा माल विकला जाईल, ती छाप परदेशातही त्याच नावाने विकली जात असेल आणि ती मालाच्या निर्मितीच्या वेळीच त्यावर उमटलेली असेल, अशा दुकानात सरकारच्या पूर्वसंमतीने ५१ टक्क्यांपर्यंत परकीय भांडवल चालेल. उरलेले ४९ टक्के देशी भागीदाराचे. जानेवारी २०१२ मध्ये ही मर्यादा १०० टक्क्यांवर नेण्यात आली, परंतु जो ५१ च्या पलीकडे जाईल त्याने विकल्या जाणाऱ्या मालापैकी ३० टक्के मूल्याची खरेदी भारतातील लघुउद्योग, ग्रामोद्योग आणि कारागीर यांच्याकडून केली पाहिजे, अशी अट घातली गेली. ती त्याच वर्षी सप्टेंबरात सैल होऊन लघुउद्योगांकडून खरेदी ही सक्तीऐवजी शिफारस झाली. अनेक छापांचा माल विकणाऱ्या परदेशी भांडारांविषयी त्या सुमारास संसदेत आणि रस्त्यावर केवढे रणकंदन माजले होते, निर्णय एकदा स्थगित होऊन पुढे त्यापायी केंद्रातील आघाडीचा एक घटक पक्ष कसा बाहेर पडला, हे वाचकांस आठवत असेल. किराणा दुकानदाराच्या भवितव्याविषयीच्या त्या कोलाहलात कपड्यांच्या एकछापी दुकानांचा विषय जवळजवळ मुकाट्याने मंजूर झाला, आणि माझ्या मते हेच त्याचे भाग्य.

तीस टक्क्यांच्या अटीविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे, कारण सद्हेतू आणि व्यवहार यांची फारकत येथे चांगली दिसते. कारागिराला काम मिळावे हा अटीचा हेतू. पण जी कंपनी आधीच तिरुप्पूरमधून आपल्या जगभरच्या दुकानांसाठी लक्षावधी नग उचलीत होती, तिला भारतातल्या मोजक्या दुकानांत विकल्या जाणाऱ्या मालापैकी किती टक्के भारतीय आहे याचा स्वतंत्र हिशेब ठेवावा लागे, आणि परदेशी पाठवलेल्या भारतीय मालाचे श्रेय त्या हिशेबात पूर्णपणे धरले जात नसे. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारने ही विसंगती दूर केली: निर्यातीसाठी केलेली खरेदीही अटीच्या पूर्ततेत धरली जाऊ लागली, आणि प्रत्यक्ष दुकान उघडण्यापूर्वी ऑनलाइन विक्री सुरू करण्यासही मुभा मिळाली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्येच पूर्वसंमतीची आवश्यकता उठलेली होती. म्हणजे बारा-तेरा वर्षांत दिंडीचा दरवाजा झाला. परंतु ज्या वर्षी जो आला त्याच्या रचनेवर त्या वर्षीच्या हुकुमाचा ठसा कायमचा राहिला.

स्पेनच्या इंडिटेक्सची झारा ही छाप ५१ टक्क्यांच्या काळातली. तिने टाटांच्या ट्रेंटशी ५१ आणि ४९ अशी भागीदारी केली आणि २०१० साली दिल्लीत पहिले दुकान उघडले. एच अँड एम शंभर टक्क्यांच्या काळातली; तिने २०१३ साली ७२० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा अर्ज स्वतःच्याच नावाने केला. जपानच्या युनिक्लोनेही ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीच्या वसंत कुंज भागात स्वतःच्या मालकीने पाऊल टाकले, आणि मुंबईत कुर्ल्यास पोहोचायला तिला आणखी चार वर्षे लागली. तिसरा मार्ग नाव मक्त्याने देण्याचा. ब्रिटनचे मार्क्स अँड स्पेन्सर २००१ मध्ये याच मार्गाने आले आणि २००८ मध्ये रिलायन्सबरोबर संयुक्त कंपनी करून स्थिरावले. अमेरिकेच्या गॅपची वाट मात्र वळणावळणाची ठरली: २०१५ मध्ये अहमदाबादच्या अरविंद समूहाच्या हाताला धरून ती आली, तो हात सुटला, आणि २०२२ मध्ये रिलायन्सशी करार करून तिने दुसरा डाव मांडला. पहिला डाव का फसला याची कारणे अनेक सांगितली जातात. मला त्यातले सर्वांत पटणारे कारण साधे आहे. गॅप ही रोजच्या वापराच्या साध्या कपड्यांची छाप, आणि साध्या कपड्याला चढे मोल देण्यास भारतीय गिऱ्हाईक राजी नसते. चढे मोल ते नवलाईला देते.

झाराची सारी मांडणी या नवलाईवरच उभी आहे. जगभर कोठेही शिवलेला तिचा माल प्रथम स्पेनमधील मध्यवर्ती वखारींत जमा होतो आणि तेथून आठवड्यातून दोनदा दुकानोदुकानी रवाना होतो; दुकानात नग थोडे, प्रकार पुष्कळ, आणि आज दिसलेले पंधरवड्याने दिसेलच याची शाश्वती नाही. ही शिस्त जाहिरातीवाचून गिऱ्हाइकाला पुनःपुन्हा दाराशी आणते. भारतात मात्र त्या शिस्तीचे मूल्य जकातीच्या रूपाने मोजावे लागते, कारण वखारीतून येणारा नग, मग तो मुळात कोठेही शिवलेला असो, सीमाशुल्क भरूनच आत येतो. म्हणून स्पेनमध्ये सामान्य कारकुनाच्या आवाक्यातली असलेली ही छाप भारतात सुखवस्तूंची झाली. नफा तिला लवकर झाला. विस्तार मात्र झाला नाही. पंधरा वर्षांनंतरही तिची भारतातील दुकाने विसाच्या आगेमागेच आहेत.

या मंद विस्ताराचे दुसरे कारण जागा. ज्यास आपण मॉल म्हणतो त्या व्यापारी संकुलांपैकी, परदेशी कंपनीला हवी तेवढी सलग जागा, उंच छत, वाहनतळ आणि शेजारी तोलामोलाची दुकाने असलेली संकुले देशात अगदी थोडी आहेत. त्यामुळे साकेतच्या एकाच संकुलात पाच वर्षांच्या अंतरात झारा, गॅप आणि एच अँड एम या तिन्ही कंपन्यांची भारतातील पहिली दुकाने उघडली, हा योगायोग नव्हे. अशा संकुलाचा मालक या नावांना कमी दराने भाडेपट्टा देतो किंवा विक्रीतील वाट्यावर समाधान मानतो, कारण ही नावे आली की गर्दी येते आणि त्या गर्दीच्या भरवशावर शेजारच्या लहान गाळ्यांचे भाडे चढवता येते. मुंबईत या व्यवहाराला इतिहासाची एक वेगळीच किनार आहे. लोअर परळच्या ज्या आवारात झाराने मुंबईतले आपले दुकान थाटले ते आवार फिनिक्स गिरणीचे, आणि ती गिरणी १९०५ साली, म्हणजे पुण्यातील त्या होळीच्याच वर्षी स्थापन झालेली. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी पुकारलेल्या संपातून गिरणगाव पुन्हा सावरलाच नाही. नंतर कापडापेक्षा जमिनीचे मोल अनेकपट वाढले, नियमावल्या बदलल्या, आणि जेथे सूत निघत असे तेथे तयार कपडे विकले जाऊ लागले. त्या आवाराच्या मालकांनी पुढे पुणे, बंगळुरू, चेन्नई येथे जी संकुले बांधली, त्यांच्या गतीनेच परदेशी छापा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे सरकल्या. म्हणजे दुकानांचा नकाशा कंपनीच्या मुख्यालयात जितका आखला गेला, तितकाच लोअर परळच्या जमीनदाराच्या दप्तरात.

संकुलाबाहेर पडण्याचा एक मोठा प्रयोग झाराने २०१७ मध्ये केला. फ्लोरा फाउंटनजवळील इस्माईल बिल्डिंग ही शतकभराची जुनी, दगडी, कोपऱ्यावरची देखणी इमारत तिने भाड्याने घेऊन, डागडुजी करून, पाच मजल्यांवर पन्नास हजार चौरस फुटांहून अधिक जागेत आपले देशातील सर्वांत मोठे दुकान उघडले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते बंद झाले, आणि ती जागा भारतीय अभिकल्पकांचे लग्नसराईचे व समारंभाचे पोशाख विकणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीने घेतली.

लग्नसराई हा शब्द येथे सहज आला, पण विषयाचे मर्म त्यातच आहे. भारतीय कुटुंब वस्त्रांवर जो खर्च मोकळ्या हाताने करते तो लग्नाकार्यात आणि सणासुदीला, आणि त्या खर्चात पैठणी, बनारसी, शेरवानी, लेहंगा यांच्यापुढे स्पेनच्या किंवा स्वीडनच्या दुकानात मांडण्यासारखे काहीच नसते. स्त्रियांच्या पोशाखात आजही साडी, सलवार आणि कुडता यांचेच प्रस्थ आहे. ऋतूंचाही मेळ नाही: युरोपच्या शरद ऋतूचे लोकरी अंगरखे दुकानात येतात तेव्हा मुंबई ऑक्टोबरच्या उन्हाने भाजत असते, आणि चेन्नईला तर ते अंगरखे बारमाही परके. शरीराच्या मापांचे तर विचारूच नये. भारतीय बांध्याची प्रमाणित मापेच उपलब्ध नव्हती, म्हणून राष्ट्रीय फॅशन संस्थेने मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजार स्त्रीपुरुषांची यंत्राने मापे घेण्याचा प्रकल्प हाती घेतला. तोवर युरोपी मापाचा शर्ट घेऊन बाही आखूड करण्यासाठी गल्लीतल्या शिंप्याकडेच जाणारे गिऱ्हाईक काही विरळा नव्हते.

या अडचणीवर दोन-तीन उतारे करून पाहण्यात आले. युनिक्लोने दिल्लीच्या पहिल्या दुकानाबरोबरच रीना सिंग या अभिकल्पिकेकडून तयार करवून घेतलेले कुडते आणले. हा उतारा मर्यादित पण शहाणा. एच अँड एमने ऑगस्ट २०२१ मध्ये कोलकात्याच्या सब्यसाचींबरोबर एक संग्रह काढला, त्यात ९,९९९ रुपयांची छापील साडी होती, आणि बहुतेक माल पाहतापाहता संपला. परंतु हस्तकलेशी संबंधित संस्थांनी आणि कारागिरांच्या हितचिंतकांनी जाहीर पत्र लिहून आक्षेप घेतला की, राजस्थानच्या ठसेछपाईची आठवण देणारी नक्षी यंत्रावर छापून, भारतीय परंपरेच्या नावावर विकून, मूळ छिप्यांना मात्र या व्यवहारातून काहीच मिळाले नाही. सामान्य गिऱ्हाइकाला परवडणारे कपडे काढणे हाच हेतू होता असे उत्तर आले. दोन्ही म्हणणी खरी होती, आणि कदाचित म्हणूनच तो वाद मिटला नाही, नुसता थांबला. उलट दिशेचा एक विनोदही सांगण्यासारखा आहे. २०१८ च्या आरंभी झाराने विलायतेत चौकड्यांचा एक घागरा सुमारे सत्तर पौंडांना विक्रीस ठेवला, आणि तो पाहून दक्षिण आशियातील समस्त जनतेने आपापल्या आजोबांच्या लुंगीचे स्मरण केले.

आता देशी भागीदाराकडे वळू. टाटांच्या ट्रेंटला झाराच्या भागीदारीतून नफ्याचा वाटा मिळालाच. पण तिने त्या सहवासात आणखी काय साधले याचे अनुमान तिच्या पुढील वाटचालीवरून करता येते. २०१६ मध्ये तिने झुडिओ नावाची दुकाने सुरू केली. बहुतेक नग हजार रुपयांच्या आत, आणि किंमतीही गोल आकड्यांच्या. जाहिरातीवर खर्च जवळजवळ नाही. ऑनलाइन विक्री नाही. माल सतत बदलता. आणि सर्व छाप स्वतःची. नवलाईचा झटपट फेरा ही झाराची विद्या आणि स्वस्ताई ही भारतीय बाजाराची निकड, यांचा हा संयोग आहे असे मी मानतो. मार्च २०२५ अखेर झुडिओची साडेसातशेहून अधिक दुकाने होती, ती कोल्हापूर-नाशिकसारख्या शहरांतही आहेत, आणि भागीदार झाराची वीस-बावीसच. दरम्यान समभागांची पुनर्खरेदी होऊन झाराच्या भारतीय कंपनीतील ट्रेंटचा हिस्सा मूळच्या ४९ टक्क्यांवरून पुष्कळ खाली आला. रिलायन्सने आणि बिर्लांनीही याच धर्तीच्या स्वस्त मालिका काढल्या आहेत. परदेशी कंपन्यांनी महानगरांतील सुखवस्तू तरुणांना तयार पाश्चात्त्य कपड्यांची चटक लावली, आणि त्या चटकेचे खरे पीक त्यांच्या यजमानांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून कापून नेले.

करांची रचनाही याच बाजूला झुकलेली आहे. २०१७ च्या वस्तू व सेवा करात हजार रुपयांपर्यंतच्या कपड्याला ५ टक्के आणि त्यावर १२ टक्के अशी रेषा होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ती रेषा अडीच हजारांवर गेली आणि तिच्या वरच्या कपड्याला १८ टक्के लागू झाले. झुडिओचा सारा माल रेषेखाली सुरक्षित आहे. झारा, गॅप आणि मार्क्स अँड स्पेन्सर यांचे कोट, झगे आणि हिवाळी कपडे रेषेच्या वर सापडतात.

या सर्व प्रवासाचे सर्वांत नवे वळण शीइनचे आहे. मुळात चीनची आणि आता सिंगापूरहून कारभार चालवणारी ही केवळ ऑनलाइन विकणारी कंपनी २०१८ पासून भारतात अतिस्वस्त कपडे विकत होती. जून २०२० मध्ये सीमेवरील संघर्षानंतर सरकारने जी अनेक चिनी ॲप बंद केली त्यांत तिचेही होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती परत आली, परंतु कोणत्या रूपात पाहा: विक्रीचे ॲप रिलायन्सच्या ताब्यात, ग्राहकांची माहिती भारतात साठवलेली, कपडे भारतीय कारखान्यांत शिवलेले, आणि शीइनच्या वाट्याला नावाच्या वापराबद्दलचे मानधन. २००६ च्या परवान्याने परदेशी कंपनीला ५१ टक्के मालकी दिली होती; या तहनाम्यात मालकीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि येथील कारखान्यांत शिवलेले हेच कपडे पुढे शीइनच्या परदेशी ग्राहकांना पाठवण्याची बोलणीही सुरू झाली आहेत.